सेशनमधला मधला भाग हरवतो तेव्हा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 34. आठ महिन्यांपासून दर आठवड्याला थेरपीला जाते. लहानपणी घरात जे घडलं त्याबद्दल बोलायला सुरुवात केल्यापासून एक विचित्र प्रकार होतोय. खुर्चीत बसल्याचं आठवतं, पहिली चार वाक्यं आठवतात आणि मग एकदम जिना उतरत असल्याचं आठवतं. मधलं काहीच नाही. कधी थेरपिस्टचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, मांडीवरचे माझेच हात दुसऱ्या कुणाचे वाटतात. पुढच्या वेळी त्या म्हणतात, "मागच्या वेळी आपण इथे थांबलो होतो," आणि मला काही आठवत नसूनही मी मान डोलावते. त्यांना फसवल्यासारखं वाटतं. गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड करू का? मला वेड तर लागत नाहीये ना? की थेरपीच थांबवू?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या 'मान डोलावते' या शब्दांपाशी मी थांबले, कारण ती मान मी ओळखते. फार वर्षांपूर्वी, माझी या कामातली सुरुवात होती तेव्हा, एक बाई माझ्याकडे येत. शांत बसायच्या, विचारलं की मोजकं बोलायच्या, "हो", "बरोबर" म्हणायच्या. काम छान चाललंय, असं मी समजत होते. एकदा जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, "मागच्या आठवड्यात मी आले होते ना?" माझ्या पोटात गोळा आला. कितीतरी तास त्या माझ्यासमोर बसल्या होत्या, पण तिथे नव्हत्या, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी त्यांचे शब्द ऐकत होते. एकाच जागी खिळलेली नजर आणि तासभर न हललेले पाय मी पाहिलेच नव्हते.

म्हणून आधी हे सांगते : तुम्ही कुणाला फसवत नाही. ती मानही त्याच सवयीतून डोलते, समोरच्याला नाराज न करता वेळ निभावून नेण्याच्या.

आणि नाही, हे वेड नाही. याला डिसोसिएशन म्हणतात; फ्रेंच मानसतज्ज्ञ पिएर जाने यांनी 1889 सालीच यावर सविस्तर लिहिलं होतं. संकट समोर आहे, पळता येत नाही, प्रतिकार करता येत नाही, अशा वेळी मन अनुभवापासून सुटं होतं. आवाज लांब जातो, शरीर परकं वाटतं, वेळ तुटते. लहान मुलाला तर घरातून निघून जाण्याची सोयच नसते. तेव्हा ज्या युक्तीने तुम्हाला तगवलं, तीच युक्ती आज तो विषय निघाला की आपोआप सुरू होते. खोली सुरक्षित आहे हे तुम्हाला कळतं, शरीराला अजून कळलेलं नाही.

मग आठवत का नाही? एक तर, लक्षच तिथे नसतं तेव्हा नोंद पुसट होते. दुसरं म्हणजे, एका अवस्थेत झालेली नोंद दुसऱ्या अवस्थेत सहज हाती लागत नाही. 1975 साली ब्रिटनमध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर्सवर एक प्रयोग झाला होता. पाण्याखाली ऐकलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले आणि काठावर ऐकलेले काठावर. तुमचं प्रकरण त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, पण जिना उतरताना सगळं गायब का होतं, याचा थोडा अंदाज त्यावरून यावा.

आता करायचं काय? पहिलं काम, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं : थेरपिस्टना सांगा. "मागच्या वेळी मी हो म्हणाले, पण मला काही आठवत नव्हतं." सेशनच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगा, कारण नंतर तुम्ही तिथे असालच असं नाही. तोंडातून शब्द फुटले नाहीत तर मला पाठवलेलं हेच पत्र त्यांच्या हातात द्या. तुम्ही ते इतकं नेमकं लिहिलंय की मला त्यात भर घालावीशी वाटत नाही.

हरवलेल्या मिनिटांत काय बोलणं झालं, याच्यामागे सध्या लागू नका. ती मिनिटं कुठून निसटायला लागतात, ते बघा. ती जागा तुम्हाला माहीत आहे : आवाज लांब जातो, हात परके वाटतात. तुमच्याजवळ काही क्षण असतात ते तेवढेच. त्यासाठी दोघींनी एक खूण ठरवा, खुर्चीच्या हातावर तळवा टेकवणं पुरेसं आहे, कारण त्या क्षणी बोलता येतंच असं नाही. खूण झाली की तो विषय थांबायचा. सेशन नाही, विषय.

मग परत यायचं. पाय जमिनीवर घट्ट दाबा. खोलीत नजर फिरवा आणि दिसेल ते मोठ्याने म्हणा : खिडकी, निळी फाइल, दिवा. आजची तारीख म्हणा. "मी चौतीस वर्षांची आहे," हे वाक्य म्हणा. ऐकायला साधं वाटतं, पण ज्यांचं मन त्या क्षणी सहा वर्षांचं झालेलं असतं त्यांच्यासाठी हे वाक्य फार मोठं काम करतं. थंड पाण्याचा पेला हातात धरा, उभ्या राहा. माझ्या खोलीत एक खडबडीत दगड असतो. काही जण तासभर तो मुठीत धरून बसतात. एक सावधगिरी मात्र घ्या. डोळे मिटून दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण डिसोसिएशन होणाऱ्या काही जणांना त्याने आणखी दूर गेल्यासारखं होतं. तुमचं तसं होत असेल तर डोळे उघडेच ठेवा. यातलं तुम्हाला काय लागू पडतं ते घरी, मन शांत असताना करून पाहा. नेमक्या त्या क्षणी नवीन काही शिकता येत नाही.

सेशनची मांडणीही बदलायला सांगा. अवघड भाग मधल्या वेळात, थोडाच. शेवटची पंधरा मिनिटं नवं काही उकरायचं नाही. निघण्याआधी दोघींनी मिळून एका वहीत तीन-चार ओळी लिहायच्या : काय बोललो, कुठे थांबलो, पुढच्या वेळी काय. ती वही रात्री उघडू नका, दुसऱ्या दिवशी उजेडात वाचा. आणि जिना उतरल्या उतरल्या गाडी चालवू नका; दहा मिनिटं बसा, पूर्ण भानावर आल्याची खात्री करा.

रेकॉर्डिंग गुपचूप नको. तो विश्वासाचा प्रश्न आहेच, शिवाय घरी एकटीने तो आवाज ऐकताना तुम्ही पुन्हा हरवू शकता, आणि तिथे तुम्हाला परत आणायला कुणी नसेल. दोघींच्या संमतीने करायचंच ठरलं, तर पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसून ऐका. माझा कल वहीकडेच आहे.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. हे रिकामे तुकडे कुणालाही कल्पनेने भरू देऊ नका. "डोळे मिट, आठवेल, अजून खोल जा," असं कुणी म्हणालं, संमोहनाने सगळं बाहेर काढून देतो म्हणालं, तर नाही म्हणा. स्मृती ही कपाटात ठेवलेली टेप नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 24 जणांना लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची, न घडलेली गोष्ट सांगितली होती. सुमारे पाव जणांना ती पूर्ण किंवा अंशतः 'आठवू' लागली. याचा अर्थ तुम्हाला जे आधीपासून आठवतं ते खोटं, असा अजिबात नाही. जे आठवत नाही ते जबरदस्तीने खेचू नये, एवढाच.

असे खंड सेशनबाहेरही पडतात का? आपण पाठवलेले मेसेज आठवत नाहीत, एखाद्या ठिकाणी कसे पोचलो कळत नाही, असं होत असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टक लावून बसलेलं असताना ओठांची किंवा हातांची निरर्थक हालचाल होते असं कुणी पाहिलं असेल, डोक्याला मार लागला असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. फिटचा एक प्रकार बाहेरून असाच दिसतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या आणि दारू यांनीही स्मृती तुटते, तेव्हा जे घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. आणि जीव नकोसा वाटण्याचे विचार आले, तर पुढच्या सेशनची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्या.

थेरपी थांबवू नका, तिचा वेग कमी करा. आधी स्थिरावणं, मग आठवणींना हात घालणं, हा क्रम जाने यांच्या काळापासून चालत आलाय. तुमच्या बाबतीत दुसरा टप्पा थोडा लवकर सुरू झालेला दिसतो. तो दोष तुमचा नाही आणि आठ महिने वायाही गेलेले नाहीत. तुमचं सांगणं ऐकून थेरपिस्टनी वेग कमी केला, तर त्या योग्य आहेत. "तुमचं लक्षच नसतं" असं म्हणाल्या किंवा तसंच पुढे रेटत राहिल्या, तर आघातावर काम करण्याचा अनुभव असलेल्या दुसऱ्या कुणाकडे जा. त्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका.

वही मात्र या आठवड्यातच घ्या. पहिल्या सेशननंतर काय लिहावं हे सुचलं नाही, तर तारीख घाला आणि 'आज सांगितलं' एवढंच लिहा.