होणारा जावई नास्तिक आहे, म्हणजे तो काहीच मानणार नाही का?

ताई, मुलीने पसंत केलेला मुलगा स्वतःला नास्तिक म्हणवतो, तर तो देवाचा द्वेष करत असेल का, सणवार, थोरामोठ्यांचा मान काहीच ठेवणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं नास्तिक आहे आणि माझ्या आईलाही हीच धास्ती होती, म्हणून लिहितो.

आईला वाटायचं, बाबा अकाली गेले म्हणून मी देवावर रुसलोय. "राग उतरला की येईल वळणावर," असं ती मावशीला सांगायची. पण जो आहे असंच मला वाटत नाही, त्याच्यावर रुसू कसा? देव आहे हे मला पटत नाही, एवढंच माझं म्हणणं. दिलेला शब्द मी मानतो, आईचे कष्ट मानतो, उसने घेतलेले पैसे ठरल्या दिवशी परत करतो.

घोळ त्या शब्दातही आहे. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' असं म्हटलंय, म्हणजे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. त्या हिशेबाने जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले; आणि जग निर्माण करणारा ईश्वर न मानणारी पूर्वमीमांसा ही तत्त्वज्ञानाची शाखा मात्र आस्तिक, कारण तिला वेद प्रमाण! आज आपण तोच शब्द देव न मानणाऱ्याला लावतो, पण त्याला चिकटलेला 'निंदक' काही सुटत नाही. (अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा प्रत्येक जण नास्तिक, हाही असाच एक समज. त्या चळवळीत देव मानणारी कितीतरी माणसं आहेत.)

चूक माझीही होती. भक्ती म्हणजे भीती आणि मागणी, असं मी आईला तोंडावर सुनवायचो. एकदा ती देवघरापुढे सहाणेवर गंध उगाळत बसली होती. बाळकृष्णाचं नाक घासून घासून पार गुळगुळीत झालेलं. मी विचारलं, "रोज काय मागतेस गं त्याच्याकडे?" मान वर न करता म्हणाली, "मागायचंय काय? तुझे बाबा गेल्यापासून सकाळी बोलायला आहे कोण मला?" इतकी वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. फार लाज वाटली.

पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर पूजा मी केली. ती पलंगावरून विचारायची, "तुळस वाहिलीस का रे?" शेजारचे काका म्हणाले, "आलास ना ताळ्यावर!" तसं काही नव्हतं. मी तिच्यासाठी करत होतो आणि ते तिला ठाऊक होतं.

तुमचा जावई असंच वागेल, हे मी सांगू शकत नाही. काही नास्तिक सत्यनारायणाला आनंदाने बसतात. काहींना मनात नसताना हात जोडणं खोटेपणाचं वाटतं, त्यात तुमचा अपमान नसतो. म्हणून त्यालाच घरी बोलवा, जेवू घाला आणि सरळ विचारा: लग्न विधी करून की नोंदणी पद्धतीने? मुलीने घरात देव ठेवले तर चालेल ना? मुलीलाही विचारा, तिला काय हवंय. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची ठरली, तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे हे बोलणं तारीख धरण्याआधीच उरकून घ्या.