हिचेन्स अखेरीस ख्रिस्ती झाले होते का?

प्रश्न : नास्तिकतेचे प्रखर पुरस्कर्ते ख्रिस्तोफर हिचेन्स आजारपणात खासगीत बायबल वाचत असत आणि शेवटी ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले, असे आमच्या अभ्यासवर्गात सांगण्यात आले. यात तथ्य किती?
– एक वाचक, वसई

उत्तर : बायबल वाचल्याची गोष्ट खरी मानायला हरकत नाही, श्रद्धेकडे वळल्याला मात्र आधार नाही. २०१० मध्ये हिचेन्स यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि १५ डिसेंबर २०११ रोजी ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले. या काळात लॅरी टॉन्टन या ख्रिस्ती मित्राबरोबर त्यांनी शेनँडोआ खोऱ्यातून मोटारीने प्रवास केला, तेव्हा टॉन्टन गाडी चालवत होते आणि हिचेन्स योहानाचे शुभवर्तमान मोठ्याने वाचत होते, असे टॉन्टन यांनी २०१६ मध्ये लिहिले. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ असे येशू जिथे मार्थेला सांगतो, तो अकरावा अध्यायही त्यात होता, आणि मरणाच्या वाटेवरील माणसाला या वचनाची ओढ वाटू शकते, एवढे हिचेन्स यांनी मान्य केले, असे टॉन्टन सांगतात. ते धर्मांतराचा दावा करीत नाहीत. हिचेन्स मनातल्या मनात विचार करीत होते, एवढेच त्यांचे म्हणणे. हिचेन्स यांच्या निकटच्या मंडळींना तेही मान्य नाही.

मला स्वतःला त्या वाचनात नवल वाटत नाही. १९८७ साली वडिलांच्या अंत्यविधीत हिचेन्स यांनी पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील ‘जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य’ हा उतारा वाचला होता, आणि २०११ मध्ये, आजार बळावलेला असताना, इंग्रजी बायबलच्या किंग जेम्स भाषांतराला ४०० वर्षे झाली त्या निमित्ताने त्यांनी त्या भाषेचे मनापासून कौतुक करणारा लेख लिहिला. बायबलवर त्यांचे वाङ्मय म्हणून जुने प्रेम होते, आणि श्रद्धावंतांशी मैत्रीही होती. जनुकशास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स, जे स्वतः नास्तिकतेकडून ख्रिस्ती श्रद्धेकडे आले, त्यांनी हिचेन्स यांच्या उपचारांत मनापासून लक्ष घातले होते.

शिवाय हिचेन्स यांनी या प्रश्नाचे उत्तर जिवंतपणीच देऊन ठेवले होते. आपण अखेरीस देवाला शरण गेलो अशी वार्ता कधी कानी आलीच, तर ते बोलणे वेदनेने वा औषधांनी भान हरपलेल्या माणसाचे समजावे, आपले समजू नये, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. चार्ल्स डार्विन यांना ही संधी मिळाली नाही. त्यांचा मृत्यू १८८२ चा. १९१५ मध्ये ‘लेडी होप’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या हकिकतीत ते शेवटी बायबल वाचत ख्रिस्ताचा महिमा गात असल्याचे सांगितले गेले, आणि मृत्यूसमयी जवळ असलेली त्यांची कन्या हेन्रिएटा हिला १९२२ मध्ये ते जाहीरपणे खोडून काढावे लागले. तरीही ती कथा आजवर सांगितली जाते. अभ्यासवर्गात हिचेन्स यांच्याविषयी पुन्हा विषय निघाला, तर टॉन्टन यांचा प्रवासवृत्तान्त त्यांच्या नावानिशी जरूर सांगावा, पण त्याला हिचेन्स यांची कबुली म्हणू नये.