सहा रात्रींसाठी दोघांना सिंगापूर स्वस्त पडेल की मालदीव?

दोघंच जाणार, सहा रात्री, बजेट बेताचं. ॲपवर सिंगापूरच्या हॉटेलचा आणि मालदीवच्या रिसॉर्टचा रात्रीचा दर जवळजवळ सारखा दिसतोय, मग लोक मालदीवला एवढं महाग का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्हीकडे राहिलेली आहे, आणि ओळखीतल्या लोकांच्या सहलींचे हिशोब मांडून द्यायला मला मनापासून आवडतं. विमानाचं तिकीट बाजूला ठेवते, कारण ते तुम्ही कुठून आणि कधी निघता यावर ठरणार. बाकीचा हिशोब इथे मांडते.

आधी थेट उत्तर. रिसॉर्टवर राहिलात तर मालदीव सिंगापूरच्या दुपटीच्या आसपास जाईल. स्थानिक लोकांची वस्ती असलेल्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहिलात तर सिंगापूरपेक्षा बरंच स्वस्त पडेल. म्हणजे शहर की बेट यापेक्षा कुठलं बेट, यावर तुमचा खर्च जास्त अवलंबून आहे.

आता तो ॲपवरचा दर. समजा रिसॉर्टची खोली 250 अमेरिकन डॉलर दिसतेय. पुष्कळदा हा आकडा करांशिवायचा असतो. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज लागला की 275. त्या 275 वर पर्यटन जीएसटी, जो जुलै 2025 पासून 17 टक्के आहे, म्हणजे साधारण 322. शिवाय ग्रीन टॅक्स: जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये माणशी, दर रात्री 12 डॉलर. दोघांचे 24. खोली झाली 346 डॉलरची. सिंगापूरमध्येही दरापुढे दोन अधिक-चिन्हं असतात, म्हणजे 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि 9 टक्के जीएसटी. तिथली 280 सिंगापूर डॉलरची खोली साधारण 336 ला जाते. एक अमेरिकन डॉलर ढोबळमानाने 1.3 सिंगापूर डॉलर धरला तर हे झाले 258 अमेरिकन डॉलर. जवळजवळ सारखे वाटणारे दोन दर इथेच एकमेकांपासून रात्रीला जवळपास 90 डॉलरने लांब गेले, आणि अजून तुम्ही खोलीपर्यंत पोहोचलाही नाहीत.

पोहोचण्याचा खर्च हाच मालदीवच्या हिशोबाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक तोच विसरतात. तुमचं विमान वेलाना विमानतळावर उतरतं. हा विमानतळ राजधानी मालेच्या शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. तिथून रिसॉर्ट लांबच्या प्रवाळ-बेटसमूहात असेल तर सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जावं लागतं आणि त्याचे जाऊन-येऊन माणशी साधारण 400 ते 600 डॉलर लागतात. जवळच्या रिसॉर्टची स्पीडबोट यापेक्षा बरीच स्वस्त असते, पण फुकट क्वचितच. ही बोट किंवा सीप्लेन रिसॉर्टच ठरवतं, तुम्हाला दुसरा पर्याय शोधता येत नाही. सिंगापूरमध्ये चांगी विमानतळावरून मेट्रोत बसलात की दोन-तीन सिंगापूर डॉलरमध्ये शहरात.

सीप्लेनची अजून एक अडचण आहे. ती फक्त उजेडात उडतात. तुमचं विमान दुपारी उशिरा किंवा रात्री उतरलं तर पहिली रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर किंवा मालेमध्ये काढावी लागते. त्या हॉटेलचे पैसे वेगळे, आणि रिसॉर्टची रात्र आधीच बुक केलेली असेल तर तीही वाया. म्हणून तिकीट काढायच्या आधी रिसॉर्टला मेल करून शेवटचं सीप्लेन किती वाजता सुटतं ते विचाराच.

आता जेवण. समजा तुम्ही तीन वेळच्या जेवणाचा प्लॅन घेतलात आणि तो माणशी रोज 100 डॉलर पडला. त्यावरही सर्व्हिस चार्ज आणि कर लागतो, म्हणजे दोघांचे सहा दिवसांचे साधारण 1,540 डॉलर. खोलीचे 2,075, सीप्लेनचे 1,000 धरले, तर बेरीज 4,600 च्या पुढे जाते. पाण्याखालच्या सफरी, स्पा, एखादा ज्यूस हे सगळं अजून बाहेर आहे.

सिंगापूरचा त्याच धर्तीवरचा हिशोब: खोलीचे साधारण 1,550 अमेरिकन डॉलर. जेवणाला माणशी रोज 40 सिंगापूर डॉलर धरले, तरी दोघांचे सहा दिवसांचे 370 अमेरिकन डॉलर. मेट्रो-बसचे 90. मोठ्या ठिकाणांच्या तिकिटांसाठी माणशी 200 सिंगापूर डॉलर बाजूला काढले तर दोघांचे 310. एकूण 2,320 च्या आसपास. हे आकडे मी मुद्दाम मोकळ्या हाताने धरलेत. काटकसर केलीत तर याहून कमीत होतं.

एवढा फरक का पडतो? साधारणपणे लोक सांगतात की बेटावर सगळं बाहेरून आणावं लागतं म्हणून. मालदीवच्या बाबतीत ते खरं आहे: मासे, मुख्यतः टूना, आणि नारळ सोडले तर खाण्याचं बहुतेक सगळं आयात होतं. पण सिंगापूरही बेटच आहे आणि तेही आपलं 90 टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरूनच आणतं. तरी तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मोठ्या मंडईत, चार-आठ सिंगापूर डॉलरमध्ये पोटभर जेवता येतं. फरक संख्येचा आणि स्पर्धेचा आहे. तिथे साठ लाख लोकांसाठी माल उतरतो आणि एकाच छताखाली डझनांनी स्टॉल एकमेकांशेजारी उभे असतात. अशी हॉकर सेंटर शंभराहून जास्त आहेत, आणि तिथे सर्व्हिस चार्ज लागत नाही. रिसॉर्टच्या बेटावर बहुधा एकच रिसॉर्ट असतं आणि त्याला सगळं स्वतः करावं लागतं. समुद्राचं पाणी गोडं करायचं, वीज तयार करायची, कचरा बोटीने पाठवायचा, कर्मचाऱ्यांच्या राहण्याची सोय बघायची. हे सगळं काही मोजक्या खोल्यांच्या बिलातून वसूल होतं. आणि पाण्याच्या बाटलीपासून डायविंगपर्यंत प्रत्येक गोष्टीचा विकणारा एकच. किंमत पटली नाही तर उठून शेजारी जाण्याची सोय नाही. मला हा भाग समजल्यावर मालदीवचे दर लबाडीचे वाटेनासे झाले. मात्र ते परवडतील का, हा प्रश्न तसाच राहतो.

आता तिसरा पर्याय, जो मी तुम्हाला आग्रहाने सुचवेन. मालदीवमध्ये सुमारे 1,200 बेटं आहेत आणि त्यांतल्या दोनशेपेक्षा कमी बेटांवर लोकांची वस्ती आहे. 1972 मध्ये पहिलं रिसॉर्ट उघडल्यापासून कित्येक वर्षं पर्यटन मुख्यतः रिसॉर्टपुरतं होतं. 2009 च्या सुमाराला वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला मोकळीक मिळाली आणि सर्वसामान्य माणसाला हा देश परवडू लागला. मालेच्या दक्षिणेचं माफुशी हे त्यांतलं सगळ्यात गजबजलेलं. व्हेल शार्कसाठी दिघुरा प्रसिद्ध. माफुशीला स्पीडबोट माणशी 25 ते 30 डॉलरमध्ये एका बाजूला सोडते. सरकारी फेरी त्याहून खूपच स्वस्त, पण वेळ जास्त घेते आणि शुक्रवारी सहसा नसते. लहान गेस्टहाउसमध्ये ग्रीन टॅक्सही निम्मा, माणशी 6 डॉलर.

खोली 70 डॉलरची धरा. सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि ग्रीन टॅक्स मिळून ती 102 ला जाते. सहा रात्रींचे 612. दोघांची स्पीडबोट 120. बाहेरच्या हॉटेलांत माणशी रोज 25 डॉलर धरले तर जेवणाचे 300. स्नॉर्केलिंगच्या, वाळूच्या बेटावरच्या किंवा डॉल्फिनच्या तीन सफरी, माणशी 40 प्रत्येकी, म्हणजे 240. बेरीज 1,272. सिंगापूरच्या निम्म्याहून थोडी जास्त. सकाळी मिळणारं मासहुनी, म्हणजे बारीक केलेला टूना, खवलेला नारळ, कांदा, आणि सोबत रोटीसारखी रोशी, हे तर रिसॉर्टच्या बुफेपेक्षा मला जास्त आवडलं.

याची अट एवढीच की वस्तीचं बेट मुस्लिम समाजाचं आहे. दारू मिळत नाही आणि देशात घेऊन येताही येत नाही. पोहण्याचे कपडे त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावरच घालायचे. रमजानमध्ये दिवसा खाण्याची बहुतेक ठिकाणं बंद असतात. तुम्हाला पाण्यावरच्या लाकडी बंगल्यातून थेट समुद्रात उतरायचं स्वप्न असेल तर ते इथे मिळणार नाही. त्यासाठी माफुशीवरून जवळच्या रिसॉर्टचा डे-पास घेता येतो. तो माणशी साधारण शंभर डॉलरपासून पुढे. बोट आणि पुष्कळदा जेवण त्यात धरलेलं असतं, पण विचारून घ्या.

रात्रींची संख्या हाही विचार करण्यासारखा भाग आहे. सीप्लेनचे 1,000 डॉलर तीन रात्रींसाठी गेलात तरी तेवढेच, म्हणजे रात्रीला 333. सहा रात्री राहिलात तर 167. रिसॉर्टवर जायचंच असेल तर थोड्या दिवसांसाठी जाऊ नका. शहराचं उलट असतं. तिथे असा एकरकमी खर्च जवळजवळ नसतो, पण प्रत्येक जादा दिवस तेवढाच पैसा खातो. तीन-चार रात्रींची सुट्टी असती तर मी तुम्हाला बिनधास्त सिंगापूर सांगितलं असतं.

सिंगापूरचं मला सगळ्यात भावतं ते हे की खर्चाचा लगाम रोज तुमच्या हातात असतो. एक दिवस जास्त गेला तर दुसऱ्या दिवशी जवळजवळ काहीच न खर्चता फिरता येतं. बोटॅनिक गार्डन्स, ज्यांना 2015 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे ऑर्किडची बाग सोडून प्रवेश मोफत. गार्डन्स बाय द बे मधली उघड्यावरची बाग आणि रात्रीचा प्रकाशाचा कार्यक्रम मोफत. मॅकरिची जलाशयाभोवतीच्या जंगलवाटा मोफत. नळाचं पाणी पिता येतं, त्यामुळे बाटल्यांचा खर्च नाही. पैसा गळतो तो सेंटोसा या करमणुकीच्या बेटावरच्या तिकिटांत, टॅक्सीत आणि दारूत. भारतीय पासपोर्ट असेल तर सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो, त्याचं शुल्क 30 सिंगापूर डॉलर आणि वर एजंटचे पैसे. मालदीवमध्ये उतरल्यावर पर्यटक व्हिसा मोफत मिळतो, फक्त जायच्या आधीच्या 96 तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा.

तारखांबद्दल. नाताळ आणि नवीन वर्षाच्या सुमाराला रिसॉर्टचे दर सगळ्यात चढे असतात आणि त्यावर पुष्कळ ठिकाणी सक्तीच्या मेजवानीचे पैसे वेगळे लावतात. सिंगापूरला फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या आठवड्यात हॉटेलं महागतात आणि चिनी नववर्षाला हॉकर सेंटरमधले बरेच स्टॉल बंद असतात. मालदीवमध्ये मे ते ऑक्टोबर वारा-पावसाचे महिने, त्यामुळे दर उतरलेले. पण त्याच काळात, जून ते नोव्हेंबर, बा बेटसमूहातल्या हनिफारू खाडीत मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, मोठ्या संख्येने येतात. जवळच्या धरवंधू बेटावर विमानतळही आहे आणि गेस्टहाउसही. पावसाची जोखीम पत्करायची तयारी असेल, तर कमी पैशात इतकं सुंदर दृश्य बघायला मिळणं दुर्मीळ आहे.

तुमच्या जागी मी असते तर सहा रात्री माफुशीवर गेस्टहाउस आणि मध्ये एक दिवस रिसॉर्टचा डे-पास घेतला असता. दारू, शहराची रोषणाई, खरेदी यांतलं काही हवं असेल तर सिंगापूर. रिसॉर्टवरच मन अडकलं असेल, तर बुक करण्याआधी त्यांच्याकडून लेखी एकच आकडा मागवा: दोघांचं, सहा रात्रींचं, सर्व कर, बोट किंवा सीप्लेन आणि जेवण धरून एकूण बिल. तो आकडा आला की त्याला सहाने भागा आणि मग सिंगापूरच्या हॉटेलशेजारी ठेवून बघा.