काकांचे पैसे, एजंटचं पत्र आणि जर्मनीचा व्हिसा

तुझा मेसेज दोनदा वाचला. मेकॅनिकलची पदवी होऊन दीड वर्ष झालंय, सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत नोकरी चालू आहे आणि येत्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्स सुरू करायचंय, एवढं कळलं. तुझे प्रश्न चार. ॲडमिशनचं पत्र आल्यावरच व्हिसाच्या कागदांना लागायचं का? बाबा म्हणतात तसे काकांचे पैसे दोन महिने खात्यात ठेवून दाखवले तर चालतील का? दीड लाख मागणाऱ्या एजंटकडे जायचं का? आणि सगळ्यात शेवटी, जरा घाबरत विचारलंस ते: "ताई, तुम्ही स्पॉन्सर व्हाल का?"

शेवटच्यापासून सुरू करते, म्हणजे मनात काही राहायला नको. नाही होणार. जर्मनीत राहणारा माणूस इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र देऊ शकतो, हे तू वाचलंस ते खरं आहे. पण ती सही म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतलं 'आपला स्नेहाभिलाषी' नव्हे. उद्या तुझ्यावर सरकारी पैसा खर्च झाला तर तो माझ्याकडून वसूल करता येतो, आणि सही घेण्याआधी माझ्या पगाराच्या स्लिपा तपासल्या जातात. माझ्या सख्ख्या मावसभावालाही मी नाहीच म्हणाले होते. राग मानू नकोस. बाकी लागेल ती मदत करते.

आता काकांचे पैसे. बाबांच्या डोक्यात जे आहे ते दुसऱ्या देशांच्या व्हिसाचं, जिथं खात्यातली शिल्लक दाखवतात. जर्मनीत विद्यार्थ्यासाठी नेहमीचा रस्ता ब्लॉक्ड अकाउंटचा. तुझ्या नावानं खातं उघडायचं, त्यात वर्षाची रक्कम आधीच भरायची आणि तू इथं पोचलीस की त्यातून दर महिन्याला ठरलेला हप्ता तुला मिळतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. (मी २०१८ मध्ये आले तेव्हा ८,६४० युरोत भागलं होतं. तेव्हाही माझ्या बाबांना ते डोंगराएवढं वाटलं होतं.) भरण्याआधी दूतावासाच्या साइटवर आकडा बघून घे, तो अधूनमधून वाढतो. आजच्या भावानं बारा-तेरा लाखांच्या आसपास धर.

म्हणजे काकांना असं सांगावं लागेल की पैसे दोन महिन्यांनी परत मिळणार नाहीत. ते वर्षभर अडकतील, आणि सुटतील तेव्हा युरोच्या हप्त्यांनी तुझ्या हातात येतील, त्यांच्या नाही. हे ऐकून काका देत असतील तर ते खरे काका. व्हिसा नाकारला गेला तर मात्र नकाराचं पत्र दाखवून रक्कम परत मिळते, तेवढा धीर त्यांना दे. नाहीतर शैक्षणिक कर्ज काढा. कर्जाचा एक फायदा लोक विसरतात. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर परदेशी पाठवलं की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो पुढे रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर हातातून जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर एप्रिल २०२५ पासून तो कापत नाहीत. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्याही आहेत, अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आणि इतर मागास प्रवर्गांसाठी वेगळी. पण त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तुझ्या यादीतली विद्यापीठं त्यात बसतात का ते बघ.

पैसे पाठवतानाची माझी फजिती सांगते, ती तुझी होऊ नये म्हणून. बाबांनी पासबुक, पॅन, परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म सगळं घेऊन बँकेत अर्धा दिवस घालवला आणि बरोबर लागणारी रक्कम पाठवली. अगदी बरोबर, एक सेंट कमी नाही की जास्त नाही, शाळामास्तरांचा हिशोब. वाटेत मधल्या बँकेनं आपलं शुल्क कापलं आणि खात्यात अठरा युरो कमी पोचले. अठरा युरोंपायी खात्याचं कन्फर्मेशन येईना. ते अठरा युरो पाठवायला पुन्हा तोच फॉर्म, तीच रांग, वर शुल्क वेगळं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सर, एवढ्यासाठी?" बाबा आजही ते सांगताना चिडतात. तेव्हा शंभरेक युरो जास्तच पाठव. वरचे पैसे कुठे जात नाहीत, तुझ्याच खात्यात राहतात.

ॲडमिशन आल्यावर कागदांना लागायचं का? इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. पत्र यायला मे-जून उजाडतो, कधी जुलै संपतो. सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. मधल्या वेळात जे काम तुला घाई करून उरकता येत नाही ते आधीच झालेलं हवं, आणि असं पहिलं काम म्हणजे एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं. तुझ्या मार्कशीट आणि पदवी खऱ्या आहेत का हे दिल्लीचं एपीएस कार्यालय तपासतं. फी १८,००० रुपये. बरीच विद्यापीठंसुद्धा अर्जातच ते मागतात, त्यामुळे ॲडमिशनची वाट बघत एपीएस थांबवणं म्हणजे भाकरी खायला बसल्यावर ज्वारी दळायला टाकण्यासारखं आहे. तुझी पदवी हातात आहे, मग थांबलीस कशासाठी? जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकायच्या आत अर्ज गेलेला असू दे.

पण अर्ज भरण्याआधी एका संध्याकाळी दहावीची मार्कशीट, बारावीची, पदवी, पासपोर्ट आणि आधार हे सगळं जमिनीवर ओळीनं मांड आणि नावं अक्षर अक्षर जुळवून बघ. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम बदलतो. क्रमाचं ते समजून घेतात. स्पेलिंगचं अवघड. माझ्या बाबांचं नाव सिद्धराम. दहावीच्या कागदावर 'सिद्राम', एक 'डी', 'एच' नाही. पासपोर्टवर दोन 'डी' आणि 'एच'. सोलापुरात निम्म्या घरांत एक तरी सिद्राम आहे आणि कुणालाही तो नि सिद्धराम वेगळे वाटत नाहीत, पण परक्या माणसाला ते दोन बाप दिसतात. मी नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं आणि भाषांतर नको म्हणून इंग्रजीतच केलं. किरकोळ फरकाला तेवढं पुरलं. तुझ्या स्वतःच्या नावात किंवा आडनावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नकोस, पासपोर्टच दुरुस्त करून घे. आणि पासपोर्ट संपायला वर्षभरच उरलं असेल तर आत्ताच नवा कर.

विद्यापीठांचे अर्ज तुला माहीत आहेत असं दिसतं, म्हणून थोडक्यात: उनी-असिस्ट या विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणाऱ्या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येक कोर्सेसची त्याच्या खूप आधी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता फी लावली आहे. तुझ्या यादीत पहिलं असलेलं स्टुटगार्ट बाडेन-वुर्टेम्बर्गमध्येच येतं, म्हणून हे सांगितलं.

एजंट. मी गेले होते एकाकडे, तेव्हा साठ हजार दिले. त्यानं फॉर्म भरले, जे मला स्वतःला दोन रात्रींत जमलं असतं, आणि व्हिसासाठी लागणारं मोटिव्हेशन लेटर लिहून दिलं. घरी येऊन वाचायला घेतलं. पहिल्या परिच्छेदात जर्मनी म्हणजे अभियांत्रिकीची पंढरी, दुसऱ्यात माझं लहानपणापासूनचं स्वप्न, आणि तिसऱ्यात मी कोईमतूरची. कुणाचं तरी पत्र होतं, नाव बदललं, गाव बदलायचं राहिलं. आई म्हणाली, "आता नवीन लिवायला लाव की त्याला, पैसे दिल्यात." मी ते पत्र फाडलं आणि रात्री बसून स्वतः लिहिलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण त्यात गाव सोलापूर होतं.

तुझं पत्र तर तुझ्याकडे आयतंच आहे. मेसेजमध्ये तू सहज लिहून गेलीस की अक्कलकोट रोडच्या कारखान्यात बाबांच्या टॉवेलच्या मागाचा गियर मोडला की भाग येईपर्यंत माग बंद राहतो, आणि तू कॉलेजात असताना तो भाग मोजून, सॉफ्टवेअरमध्ये काढून, स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवून घेतलास. अगं, हेच लिही. मग हाच कोर्स का, त्यातले कुठले दोन-तीन विषय कशासाठी, आणि दीड वर्ष नोकरी करून आता परत शिकायचं का सुचलं. एक-दीड पान बास. जर्मनीची स्तुती करू नकोस, त्यांना स्वतःचा देश माहीत आहे.

हे सगळं नीट असायला आता आणखी एक कारण आहे. पूर्वी व्हिसा नाकारला की साधं पत्र लिहून फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नव्यानं अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा.

अर्ज आता आधी ऑनलाइन कॉन्सुलर पोर्टलवर भरायचा. महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या हद्दीत येतो. कागद तपासून झाले की बोटांच्या ठशांसाठी बोलावतात. फी ७५ युरो, रुपयांत. मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरले, तोंड धुतलं आणि सरळ रांगेत. फोटो परत काढायला लावला, कारण नवी पेठेतल्या स्टुडिओवाल्यानं प्रेमानं मला दोन छटा गोरी केली होती. त्याला आधीच बजाव: बायोमेट्रिक फोटो, टचअप अजिबात नको.

खर्चाचा अंदाज घे म्हणजे ९९२ युरो किती ते कळेल. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास पडतो. मी केम्नित्झला शिकले. हे जुनं गिरण्यांचं गाव, याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, आणि गावाच्या कडेला तीनशे मीटरहून उंच रंगीबेरंगी धुराडं आहे. पहिल्या दिवशी ते बघून मला आपली जुनी मिल आठवली होती. इथं वसतिगृहात खोली तीनशेच्या आसपास मिळते, म्युनिकमध्ये तेवढ्यात काही मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात त्या पैशांवर भरवसा ठेवून येऊ नकोस. भाषा येत नसताना मिळतं ते गोदामातलं काम, आणि परीक्षा त्याच आठवड्यात येतात.

पोचलीस की घरमालकाकडून राहत असल्याचा सहीचा कागद घे आणि दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदव. तो झाल्याशिवाय पुढचं फारसं काही हलत नाही.

बॅगेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी खुशाल आण. पेढे, खवा, तूप नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. कागद जमिनीवर मांडलेस की त्यांचा एक फोटो मला पाठव, नावं मीही एकदा बघते.