भातानंतरच्या भाजीला स्फुरद (फॉस्फरस) का मिळत नाही? मुंबईतल्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

गोराईहून एका शेतकरी बंधूंनी विचारलं आहे: "पावसाळ्यात भात, त्यानंतर त्याच खाचरात टोमॅटो आणि वांगी घेतो. भात चांगला येतो, पण टोमॅटोची रोपं खुरटतात, पानं मागून जांभळी पडतात. माती परीक्षणात सामू (पीएच) ५.८ आणि स्फुरद 'मध्यम' आला. तरी डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं खत) फेकला. फरक नाही. खत नकली असेल का?"

दादा, खतावर संशय घेण्याआधी खाचरात काय घडतं ते पाहू. जांभळेपणा खालच्या, जुन्या पानांवर आधी आला असेल तर ही स्फुरदाचीच कमतरता आहे. कमी पडलं की झाड जुन्या पानांतला स्फुरद काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून आधी खालची पानं बोलतात.

कोकणपट्टीच्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असतं आणि स्फुरद त्यांना घट्ट चिकटून बसतो. चिखलणी होऊन खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते, लोहाचं रूप बदलून ते विरघळू लागतं आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद मोकळा होतो. आवणीनंतर भाताला तो आयता मिळतो. भात कापला, पाणी उतरलं, माती भेगाळली की हवा आत शिरते. लोह पुन्हा गंजतं. हा ताजा गंज अतिशय बारीक कणांचा असतो आणि जुन्या गंजापेक्षा कितीतरी जास्त स्फुरद ओढून घेतो. नेमक्या त्याच वेळी तुम्ही टोमॅटो लावता. वर फेकलेला डीएपीही तिथेच अडकतो. भात खूश आणि टोमॅटो उपाशी, दोन्ही एकाच जमिनीत, ते यामुळे.

दुसरी गोष्ट अंतराची. नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर वाहत मुळापाशी जातं, स्फुरद जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. मूळ त्याच्यापर्यंत पोचलं तरच तो मिळणार. म्हणून भाजीला स्फुरद फेकून देऊ नका. रोप लावण्याच्या जागी, मुळांच्या थोडं बाजूला आणि चार-पाच सेंटिमीटर खाली, पट्ट्यात द्या. हेक्टरी ५० किलो स्फुरद धरला तर गुंठ्याला सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत साधारण ३ किलो होतं. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून घातलं की शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाच्या जागा अडवतात आणि स्फुरद मोकळा राहतो. माझं स्पष्ट मत आहे की भातानंतरच्या भाजीला खताचं आणखी एक पोतं घेण्यापेक्षा एक गाडी कुजलेलं शेणखत मिळवणं जास्त फायद्याचं. आत्ता उभ्या असलेल्या रोपांना १२:६१:०० हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला ५ ग्रॅम घेऊन फवारा. तेवढ्याने रोप सावरेल, पण जमिनीतलं काम चुकवता येणार नाही.

'मध्यम' कसं आलं? अहवालात स्फुरद कोणत्या पद्धतीने मोजला ते बघा. ओल्सेन पद्धत उदासीन आणि चुनखडीच्या जमिनींसाठी आहे, आम्ल मातीला ब्रे पद्धत योग्य. पुढच्या वेळी नमुना भात कापल्यानंतर, खाचर वाळल्यावर घ्या आणि प्रयोगशाळेला सामू आधी सांगा.

आरेतल्या एका पाड्यावरच्या ताई विचारतात: "आम्ही राब भाजतो (रोपांच्या गादीवर पालापाचोळा जाळतो), राख आणि शेण टाकतो. विकतचं खत घेतलं नाही तर स्फुरद कमी पडेल का?"

ताई, जंगलाला कुणी डीएपी घालत नाही. झाडाची मुळं खोलवरचा स्फुरद वर आणतात, तो पानात उतरतो, पान गळतं, कुजतं आणि वरच्या थरात स्फुरद जमा होतो. मुळांवर वाढणारी एक बारीक बुरशी, मायकोरायझा, आपले धागे मुळाच्या पलीकडे पसरून तो गोळा करते. तुमच्या शेताकाठच्या झाडांचा पालापाचोळा हा म्हणूनच खरा ठेवा आहे. राबाच्या राखेत स्फुरद, पालाश (पोटॅश) आणि चुना उरतो, पण नत्र आणि गंधक धुरात जातं. तेव्हा राब रोपांच्या गादीपुरताच ठेवा, उरलेला पाला भाजू नका, शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा. राख ताज्या शेणात किंवा युरियात मिसळू नका, अमोनिया उडून जातो. बियाण्याला स्फुरद विरघळवणारे जिवाणू १० किलोला २५० ग्रॅम चोळा. एवढं करा आणि माती तपासून घ्या. त्याआधी डीएपीवर पैसे घालू नका.

रेल्वे रुळालगतच्या मळ्यातून एकांचा प्रश्न: "नाल्याच्या पाण्यावर पालक-माठ जोमात येतो, मग खत कशाला?"

सांडपाण्यात मलमूत्र आणि साबणाच्या पावडरींमुळे स्फुरद असतो हे खरं. पण त्याच पाण्यात रोगजंतू असतात, जड धातू असू शकतात, आणि पालेभाजी कुणाच्या ताटात जाते याचा विचार आपल्याला करावाच लागेल. शक्यतो विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तपासून वापरा. अशा मळ्यात वर्षानुवर्षं साठलेला स्फुरद बहुधा जास्तच असतो, म्हणून स्फुरदाचं कोणतंही खत नको. जास्तीच्या स्फुरदाने पिकाला जस्त मिळेनासं होतं.

यातली एक बाब मला फार टोचते. नत्र हवेतून जमिनीत येतं आणि परत हवेत जातं. स्फुरदाला हवेतून परतीची वाट नाही. तो खडकातून निघतो, पाण्याबरोबर समुद्रतळाला जातो आणि पुन्हा खडक होऊन वर यायला कोट्यवधी वर्षं लागतात. भारतात उदयपूरजवळ झामरकोट्र्याची खाण आहे, पण तिच्यावर देशाची गरज भागत नाही. मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून खनिज आणि खत जहाजाने येतं. ते भाजीतून आपल्या पोटात आणि तिथून गटारात जातं. पवई तलावावर जलपर्णीचा गालिचा पसरतो, त्यामागे सांडपाण्यातून आलेला स्फुरद आणि नत्र आहे. शेताच्या बांधावर गवताची पट्टी राखा. पावसात माती वाहून जाते तेव्हा तिला चिकटलेला स्फुरदच आधी जातो.

मुलुंडच्या गच्चीवर बाग करणाऱ्या काकूंनी प्रत्येक कुंडीत दर महिन्याला हाडांचा चुरा घातला आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या झाल्या. काकू, ही लोहाची कमतरता आहे, आणि जास्तीचा स्फुरद हे तिचं एक कारण. वर्षभर चुरा बंद ठेवा, पानांचं खत घाला, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या मात्रेने फवारा.

शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांचा: डीएपी मिळत नाही, काय करू? डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतो. तेवढंच हवं असेल तर सिंगल सुपर फॉस्फेटची जवळपास तीन पोती आणि २० किलो युरिया घ्या. सुपर फॉस्फेटमधून गंधक आणि कॅल्शियम वरून मिळतं, डाळवर्गीय पिकाला आणि कांद्याला ते हवंच असतं. वालासाठी तर मी डीएपी उपलब्ध असला तरी सुपर फॉस्फेटच सांगेन. दोन्ही खतं एकत्र कालवून ठेवू नका, ओलसर होऊन त्यांचा गोळा होतो. सुपर फॉस्फेट लावणीच्या वेळी, युरिया नंतर हप्त्यांनी.