रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी चरबी कुठून आणि कशी घेतात? वडिलांचं तूप बंद करावं का?

वडिलांना एएमएल, म्हणजे ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया निघाला, कुण्या नातेवाइकाने 'कॅन्सर चरबीवर जगतो' असा व्हिडिओ पाठवला आणि घरात त्यांच्या वरणावरचं तूप बंद झालं, असं तुम्ही लिहिलंय. व्हिडिओत अगदीच थापा नाहीत. ल्युकेमियाच्या पेशी फॅटी ॲसिड, म्हणजे चरबीचे सुटे घटक, खरोखर घेतात. फक्त त्यांचं कोठार ताटात नसून हाडात असतं.

मी डॉक्टर नाही. ल्युकेमियाच्या पेशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तपासणाऱ्या यंत्रावर, मोजण्यात माझी काही वर्षं गेली, तेवढ्या अधिकाराने लिहितोय.

वडिलांच्या बोनमॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी झाली असेलच. तो मॅरो सुईने ओढून काचेच्या बशीत ओतला की रक्तात बारीक दाणे दिसतात आणि त्यांच्याभोवती तेलाचे थेंब तरंगतात, मिसळीवरच्या तर्रीसारखे. मोठ्या माणसाच्या मॅरोत ढोबळमानाने निम्मी जागा चरबीच्या पेशींचीच असते. हाडाचा तुकडा काढून त्याची स्लाइड करतात तेव्हा अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ही चरबी विरघळून जाते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसती पांढरी गोल भोकं उरतात. अनारशाची जाळी समजा. ल्युकेमियाच्या ब्लास्ट पेशी, म्हणजे पक्व न होता वाढत जाणाऱ्या कर्करोगी पेशी, वाढतात त्या या भोकांच्या अगदी कडेला.

इंग्लंडमधल्या नॉरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की या ब्लास्ट पेशी शेजारच्या चरबीपेशीला आपला साठा फोडायला लावतात. चरबी साठते ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात: एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन फॅटी ॲसिड. तो जोड लायपेज नावाची एन्झाइम्स तोडतात, आणि सुटलेलं फॅटी ॲसिड ब्लास्ट पेशीकडे जातं. या देवघेवीत एफएबीपी४ नावाचं वाहक प्रथिन लागतं. ते कमी केलं तेव्हा ल्युकेमिया झालेले उंदीर जास्त दिवस जगले.

आता मूळ प्रश्न, पेशीच्या आत शिरायचं कसं. फॅटी ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून रक्तात ते अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतं. पेशीच्या पडद्यापाशी अल्ब्युमिन सोडलं की पुढे काय, यावर जुनं भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, पडदाही चरबीचाच, फॅटी ॲसिड त्यातून आपोआप पलटी मारून आत जातं. दुसरा म्हणतो, दार लागतंच. माझ्या मते दोन्ही खरं आहे: पलटी कुठेही होते, पण ज्या पेशीवर दारं जास्त तिच्यात माल जास्त वेगाने जातो.

यातलं सर्वात गाजलेलं दार म्हणजे सीडी३६. ते कॅन्सरने शोधलेलं नाही. हृदयाच्या स्नायूवर, चरबीपेशींवर, प्लेटलेटवर ते एरवीही असतं, आणि मलेरियाने बाधलेल्या लाल पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात तेव्हा ज्या प्रथिनांना धरतात त्यांतलं एक हेच. २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या गटाला उंदरांत असं दिसलं की ल्युकेमियाच्या काही मूळपेशी जननग्रंथींजवळच्या चरबीत जाऊन बसतात, त्यांच्यात सीडी३६ असलेल्यांचा भरणा असतो आणि केमोला त्या सहज दाद देत नाहीत.

आत आलेलं फॅटी ॲसिड पुन्हा बाहेर सटकू शकतं. म्हणून पेशी त्याला लगेच कोएन्झाइम-ए जोडते. हातावर शिक्का मारल्यासारखं. शिक्का बसला की परतीची वाट बंद. मग एकतर सीपीटी१ या फाटकातून ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जाऊन जळतं, नाहीतर पडदे बांधायला किंवा साठवायला वापरलं जातं.

सगळे रक्तकर्करोग एकाच पद्धतीने खातात असंही नाही. सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) हा बी-पेशी या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. त्याच्या पेशी लायपोप्रोटीन लायपेज हे चरबी फोडणारं एन्झाइम स्वतः बनवतात, जे निरोगी बी-पेशी सहसा बनवत नाहीत. ज्यांच्यात ते जास्त, त्यांचा आजार बहुधा जास्त आक्रमक.

हे मोजायचं कसं? फॅटी ॲसिडला हिरवं चमकणारं रंगद्रव्य जोडायचं, पेशींना ३७ अंशांवर काही मिनिटं द्यायचं आणि सायटोमीटरमधून एकेक पेशी किती हिरवी झाली ते बघायचं. सुरुवातीला मी अल्ब्युमिनने धुवायचं विसरलो होतो. सगळ्या पेशी लखलखीत! दोन तास मी हवेत होतो. मग बर्फावर ठेवलेल्या पेशीही तितक्याच हिरव्या दिसल्या, आणि कळलं की माल आत गेलेलाच नाही, नुसता अंगाला चिकटलाय.

फाटक बंद करायचे प्रयत्न झालेत. सीपीटी१ अडवणारं एटोमॉक्सिर प्रयोगशाळेत ल्युकेमियाच्या पेशींना हैराण करतं, पण हृदयविकारासाठी त्याची माणसांवर चाचणी झाली तेव्हा यकृताला त्रास दिसला आणि ती थांबवावी लागली. यकृत, हृदय, स्नायू हेही तेच फाटक वापरतात, ही खरी अडचण.

आता तूप. माणूस उपाशी राहिला की इन्सुलिन उतरतं, शरीर स्वतःची चरबी फोडतं आणि रक्तातलं सुटं फॅटी ॲसिड वाढतं. म्हणजे वडिलांना अर्धपोटी ठेवून त्या पेशींची उपासमार होत नाही, वडिलांची होते. केमोत तोंड येतं, चव जाते, चार घास जाणंही मुश्कील होतं. अशा वेळी तुपातल्या उष्मांकांची किंमत फार असते. हृदय, स्वादुपिंड किंवा वाढलेले ट्रायग्लिसराइड यांमुळे तूप टाळायला हवं का, एवढं त्यांच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. ते नको म्हणाले नाहीत तर ताज्या, गरम वरणभातावर तूप वाढा, आणि दर आठवड्याला वजन वहीत लिहून ती वही ओपीडीत सोबत न्या.