आधीच ठरलंय, तर मग मी काय ठरवायचं?

गेल्या महिन्यात या सदरात पूर्वनेमणुकीचा ओझरता उल्लेख आला होता. जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने आपल्याला ख्रिस्तात निवडलं, असं पौल इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडून उत्तरं देतो. काही प्रश्न कोल्हापुरातले आहेत, काही आसपासचे.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, कॉलेजात शिकते. आमचं घर पूर्वापार प्रेस्बिटेरियन मिशनच्या मंडळीतलं. दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेब म्हणाले, "निर्णय तुझा तू घ्यायचा." पण प्रेस्बिटेरियन म्हणजे कॅल्विनचे अनुयायी ना? आणि कॅल्विनच्या मते तर सगळं आधीच ठरलेलं आहे. मग मी निर्णय घेते म्हणजे नेमकं काय करते?

पाळकसाहेबांनी तुला फसवलेलं नाही, कॅल्विननेही नाही. हा वाद सुरू कशावरून झाला ते आधी बघ. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा ब्रिटनकडचा एक साधू रोममध्ये शिकवत होता. देवाने आज्ञा दिल्या त्या अर्थी त्या पाळायची ताकद माणसात आहेच, मनावर घेतलं की झालं, असं त्याचं म्हणणं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याला ते पटेना. सोडायचं आहे पण सुटत नाही, ही अवस्था त्याने तरुणपणी स्वतः भोगली होती. माणसाला इच्छा आहे, पण ती आजारी आहे, आणि ती देवाकडे वळते तीसुद्धा देवाने आधी हात दिल्यावरच, असं तो म्हणाला. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण फेटाळली. पुढे ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने 'कृपा आधी' हे मान्य केलं, पण देवाने कुणाला वाईटासाठी नेमलं आहे असं म्हणणाऱ्यालाही शापित ठरवलं. या परिषदेची पहिली बाजू सगळे सांगतात, दुसरी सोयीस्करपणे गाळतात.

आता कॅल्विन, सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट धर्मसुधारक. त्याने गुळगुळीत बोलायचं टाळलं, हे खरं. काहींना जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी नेमलं आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलंय आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण 'इन्स्टिट्यूट्स' या आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत त्याने हा विषय कुठे ठेवला ते पाहण्यासारखं आहे. विश्वास, पश्चात्ताप आणि प्रार्थनेवरचा लांबलचक अध्याय, एवढं सगळं झाल्यावर मग निवड येते. म्हणजे जो विश्वासात आलाच आहे त्याने मागे वळून 'मी इथवर आलो कसा?' असं विचारायचं, आणि 'कुणीतरी आणलं' हे उत्तर मिळवायचं. वर्गाच्या दारातच उभं राहून 'माझं नाव यादीत आहे का?' असं विचारणाऱ्यासाठी तो विषय नव्हताच. यादी शोधत बसू नका, ख्रिस्ताकडे बघा, असं त्यानेच बजावलंय.

त्याच्यानंतरच्यांनी मात्र विषयाला धार लावली. हॉलंडमधला आर्मिनियस १६०९ साली वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन काढलं. देवाने निवड केली ती कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून केली, ख्रिस्त सर्वांसाठी मेला, कृपा नाकारता येते, असा त्याचा मुद्दा. (आर्मिनियस म्हणजे 'माणूस स्वतःच्या बळावर तरतो' म्हणणारा, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते चूक आहे. आधी कृपा, हे त्यालाही मान्य होतं.) १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या धर्मसभेने ही कलमं नाकारली. त्यात राजकारण इतकं मिसळलं होतं की त्या पक्षाचा पाठीराखा, देशाचा ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचं सभेची सांगता होते न होते तोच डोकं उडवलं. कृपेवरच्या चर्चेचा हा शेवट!

आपल्या मंडळ्यांकडे जो मतांगीकार, म्हणजे मंडळी काय मानते याचा लेखी मसुदा, आला तो वेस्टमिन्स्टरचा, १६४६ चा. त्याच्या तिसऱ्या अध्यायात देवाने सर्व काही नेमलं आहे असं म्हणून त्याच वाक्यात पुढे जोडलंय की यामुळे माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, याचं स्पष्टीकरण ते कलम देत नाही. मला ते आवडतं. माझं स्वतःचं मत विचारशील तर डॉर्टच्या निर्णयांतलं एक मला पचत नाही : ख्रिस्ताच्या मरणाचा हेतू फक्त निवडलेल्यांपुरताच होता, हे. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे पहिल्या तीमथ्यातलं वाक्य (२:४) वाचताना 'सर्व' म्हणजे 'सर्व प्रकारचे' असा अर्थ काढावा लागतो, आणि तो ओढूनताणून काढल्यासारखा वाटतो.

आणि आपल्याच गावाचं बघ. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७० मध्ये इथलं काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. निवडलेले घरबसल्या तरणार असा या लोकांचा समज असता तर समुद्र ओलांडून, संस्थानी मुलखात, बायकामुलांसह कोण आलं असतं? त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच, कोल्हापुरात जन्मला, आणि पुढे अमेरिकेतल्या हजारो विद्यार्थ्यांना परदेशी सेवेला जा म्हणून सांगत हिंडला. देव माणसाला वळवतो ते कुणाच्या तरी तोंडच्या शब्दांनी आणि त्या माणसाच्या स्वतःच्या होकारानेच, अशी या लोकांची धारणा. तेव्हा दृढीकरणाच्या दिवशी तू 'हो' म्हणशील ते तुझंच असेल. वर्षांनी त्यासाठी आभार मात्र स्वतःचे मानणार नाहीस.

प्रश्न : पुष्कळ वर्षांपूर्वी माझं बाळ जन्मून तिसऱ्या दिवशी गेलं. बाप्तिस्मा झाला नव्हता. त्या वेळी एका नातेवाइकाने 'निवडलेलं असेल तर तरेल' असं म्हटलं. ते अजून मनातून जात नाही. मी आता ऐंशीच्या घरात आहे. (कसबा बावडा)

आजी, तो नातेवाईक अर्धवट वाचून बोलला. वेस्टमिन्स्टरच्या दहाव्या अध्यायात 'बालपणी मरणारी निवडलेली बालकं' असे शब्द आहेत. त्यावरून लोक विचारू लागले की मग न निवडलेलीही बालकं असतात काय? हा काटा किती घरांत सलत असेल, हे अमेरिकेतल्या त्या मंडळीच्याही लक्षात आलं. ज्या मंडळीने कोल्हापूरला मिशनरी पाठवले तिनेच १९०३ साली लेखी खुलासा मतांगीकाराला जोडला. बालपणी मरणारं कुणीही नाश पावतं असा त्या कलमाचा अर्थ घ्यायचा नाही, आणि बालपणी गेलेली सगळीच बालकं कृपेच्या निवडीत आहेत असा आमचा विश्वास आहे, असं त्यात साफ म्हटलंय. म्हणजे तुम्हाला ते ऐकवलं गेलं तेव्हा हा खुलासा जुना झाला होता.

इतकंच नाही, कडक म्हणून ज्या डॉर्टला नावं ठेवतात तिथेही पहिल्या भागाच्या सतराव्या कलमात लिहिलंय की देव ज्यांना बालपणीच नेतो त्या मुलांच्या निवडीबद्दल भाविक आईबापांनी शंका धरू नये. बाप्तिस्म्याची अट त्यात नाही. पुढच्या वेळी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी येतील तेव्हा त्यांना बाळाचं नाव सांगा आणि नाव घेऊन प्रार्थना करायला सांगा. नाव ठेवायचं राहिलं असेल तर आता ठेवा.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. पण तुमचं हे सगळं वाचून वाटलं, यात आणि आमच्या प्रारब्धात फरक तो काय? (मंगळवार पेठ)

वरवर सारखं, आतून जवळजवळ उलटं. प्रारब्ध म्हणजे माझ्याच पूर्वकर्माचं फळ, हिशेब माझ्याच खात्यावरचा. पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात याकोब आणि एसाव यांचं उदाहरण देतो ते नेमकं याच्या विरुद्ध टोकाचं आहे. दोघे जुळे, जन्मायचे होते, बरं किंवा वाईट काहीही केलेलं नव्हतं, तरी निवड झाली. कर्म बघून नव्हे, हाच मुद्दा. म्हणून प्रारब्ध मानणाऱ्याला ही शिकवण अन्यायाची वाटते, आणि पौलाला हा आक्षेप ठाऊक आहे. 'मग देव अन्यायी आहे काय?' हा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो.

तुमच्या परंपरेत याचं खरं भावंड शोधायचं तर दक्षिणेत रामानुजांच्या संप्रदायात सापडेल. तिथे वडकलै आणि तेंगलै असे दोन पंथ पडले. पहिल्याचा मर्कटन्याय : माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं, तसं भक्तानेही काही धरायचं असतं. दुसऱ्याचा मार्जारन्याय : मांजर पिल्लाला मानेला धरून उचलते, पिल्लू काही करत नाही. आर्मिनियस आणि कॅल्विन यांच्या कितीतरी आधी तामिळ मुलखात हे भांडण झालं होतं, आणि तेही कर्मावरून नाही, कृपेवरून. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण मात्र दोन्हीकडच्या आचार्यांनी नापास केली असती.

प्रश्न : रोम ९ मध्ये कुंभार आणि माती आहे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आम्ही लहानाचे मोठे झालो, माती काही बोलत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण मिसरच्या राजाचं, फारोचं, मन देवानेच कठीण केलं तर शिक्षा फारोला का?

निर्गम पुन्हा सावकाश वाचा. सुरुवातीच्या पीडांत फारो स्वतःच मन कठीण करतो. बेडूक गेले, जरा हायसं वाटलं, की फिरला (८:१५). गोमाश्या गेल्या, पुन्हा फिरला (८:३२). परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं हे घडताना आपल्याला दिसतं ते सहाव्या पीडेशी, गळवांच्या वेळी (९:१२). माणूस हट्टाने ज्या वाटेला लागला त्या वाटेवर देवाने त्याला सोडलं, असा अर्थ त्यातून निघतो. आता कोणी म्हणेल, मी त्याचं मन कठीण करीन असं देवाने मोशेला चौथ्या अध्यायातच सांगितलं होतं. खरं आहे. तो धागा मला सुटत नाही, आणि सुटला असं सांगणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही.

कुंभाराचं म्हणाल तर पौलाने ते चित्र यिर्मयाकडून उचललंय. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात चाकावरचं भांडं बिघडतं आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं करतो. लगेच पुढे देव म्हणतो, ज्या राष्ट्राचा नाश करीन म्हणालो ते वाईटापासून फिरलं तर मीही फिरेन. म्हणजे तिथली माती फिरू शकते! रोम ९ वाचून पुस्तक मिटणाऱ्यांनी ११ पर्यंत जावं. सर्वांवर दया करावी म्हणून देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं, इथे तो युक्तिवाद थांबतो (११:३२).

प्रश्न : मी कॅथलिक, नवरा प्रॉटेस्टंट. या विषयावर घरी वाद होतो. आमच्या चर्चचं मत एकच आहे ना?

नाही. कृपा आधी, पण माणूस तिला होकार किंवा नकार देऊ शकतो, हे ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली ठरवलं. पण ते घडतं कसं, यावर जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन संन्यासी संघ एकमेकांना पाखंडी म्हणू लागले. रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. शेवटी १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देता दोघांनाही आपापलं मत ठेवा, पण दुसऱ्याला पाखंडी म्हणू नका, असं सांगून घरी पाठवलं. तुमच्या घरीही हा तोडगा चालेल.

प्रश्न : यजमानांना साखर आहे. गोळ्या घेत नाहीत, पथ्य नाही. 'देवानं नेमलंय तेवढंच जगणार' म्हणतात, आणि वर बायबलचे दाखले देतात. काय सांगू? (इचलकरंजी)

दाखले देतात ना, मग प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ काढून समोर ठेवा. पौलाचं जहाज वादळात सापडलंय, त्यावर २७६ माणसं. देवाच्या दूताने पौलाला सांगितलंय की एकाच्याही जिवाला धोका नाही, फक्त जहाज जाईल. म्हणजे ठरलं. चौदाव्या रात्री खलाशी नाळेकडून नांगर टाकायचं ढोंग करून होडी खाली सोडतात, पळून जायला. तेव्हा पौल निवांत बसत नाही. तो शताधिपतीला सांगतो, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई ताबडतोब होडीचे दोर कापतात. मग पौल सगळ्यांना म्हणतो, दोन आठवडे उपाशी आहात, आता खाऊन घ्या, जीव वाचायला ते लागेल. आणि मग सगळे मिळून गहू समुद्रात टाकून जहाज हलकं करतात.

देवाचं वचन त्याच्या खिशात होतं, तरी दोर, भाकर आणि गहू यांच्याकडे त्याने असं लक्ष दिलं. यजमानांना विचारा, पौलाचा विश्वास कमी होता का? आणि रक्त तपासायला सोमवारी उपाशीपोटी घेऊन जा. एकट्याने नेता येत नसेल तर पाळकसाहेबांना सोबत घ्या. त्यांच्यासमोर ते नाही म्हणायचे नाहीत.